ओकायामात जपानी शिकताना केलेली भटकंती

मुळाकाठ

ओकायामाला जपानी शिकायला येऊन आता बऱ्यापैकी रुळले आहे. खासगी निरोपांतून एकच विचारणा सारखी होते: क्योतो झालं का, फुजी पाहिलास का, तोक्योला कधी? एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी धागा दाखवून मोकळी.

आधी विद्यार्थ्याचं गणित. भाषाशाळा अर्धा दिवस असते, आठवड्याला २० तासिका. हजेरी घसरली की व्हिसा वाढवून मिळताना त्रास होतो, त्यामुळे दांडी मारायची सोय नाही. उरलेल्या वेळात आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करायची परवानगी मिळते, आणि आमच्या वर्गात ती न वापरणारं कुणी नाही. मी एका सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत भाज्या पाकिटात भरते. पर्यटकांचा तो प्रसिद्ध जेआर (जपान रेल्वे) पास आम्हाला चालत नाही, तो थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा सात दिवसांचा दर २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला, तेव्हा त्याबद्दल हळहळायचंही कारण उरलं नाही.

तर हातात उरतो अर्धा दिवस, आणि अर्ध्या दिवसात जवळपासचंच काहीतरी होतं. माझं स्पष्ट मत, भाषा शिकायला आलेल्याला हेच बरं. क्योतोला मी गेले. किंकाकुजी पाहिलं (आत्ता दिसतं ते सोनेरी मंदिर १९५५ सालचं, आधीचं १९५० मध्ये आगीत गेलं), गर्दीतून वाट काढत फोटो काढले. पण अख्ख्या दिवसात जपानीत एक धड वाक्य बोलायची वेळ आली नाही. आपलं तोंड बघितलं की समोरचा थेट इंग्रजीवर येतो. लहान गावात तिकीट खिडकीवरच्या आजोबांना इंग्रजी येत नसतं आणि गप्पांची हौस मात्र दांडगी असते.

आता ठिकाणं. पुणेकरांनी आधी कोराकुएन बघावं. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे कागदोपत्री पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ज्याच्यावरून बेतलं ती ही बाग. इथल्या इकेदा घराण्याच्या सरदाराने १६८७ मध्ये काम सुरू केलं आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. १८८४ मध्ये लोकांसाठी खुली झाली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात तिचं नुकसान झालं, पण इकेदांच्या काळातली चित्रं आणि नकाशे शिल्लक होते, त्यांच्या आधाराने पुन्हा होती तशी उभी केली. आत तळी आणि टेकड्या आहेतच, पण मला आवडतात ती भाताची खाचरं आणि चहाचा मळा. सरदाराच्या बागेत शेती! र्‍युतेन नावाची एक चारी बाजूंनी उघडी लाकडी वास्तू आहे आणि तिच्या मधून चक्क ओढ्याचं पाणी वाहतं, त्यात रंगीत दगड मांडलेत. उन्हाळ्यात वर्ग सुटल्यावर तिथे कांजीचे, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांचे, कागद घेऊन बसायचं आणि शेजारी येऊन बसणाऱ्या आजींना चुका काढू द्यायच्या, हा माझा आवडता कार्यक्रम.

नदीपलीकडचा ओकायामा किल्ला बाहेरून काळाकुळीत, देखणा. मूळचा १९४५ मध्ये जळाला, आत्ताचा १९६६ चा काँक्रीटचा, आत लिफ्ट. तासाभरात होतो.

याहून लांबचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, भाज्या बोलावतायत.

तिखटमीठ

वा, मस्त सुरुवात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अवांतर: कोराकुएनमध्ये हिरवळीवर पाय ठेवला तर शिट्टी वाजते का? आमच्याकडे मैत्री उद्यानात एक शिट्टी कायम कानामागे असते, मैत्री नक्की कुणाशी तेच कळत नाही.

मुळाकाठ

@तिखटमीठ, मनाई असलेल्या हिरवळीवर इथेही जायचं नाही. पण शिट्टी नाही, नुसती वीतभर उंचीची पाटी असते आणि तेवढ्याने भागतं.

बाकी लिहिते. ओकायामापासून हाकुबी मार्गावर साध्या गाडीने तासाभराच्या आत बिच्चू-ताकाहाशी नावाचं गाव येतं. गाडी नदीच्या काठाकाठाने जाते आणि दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येत जातात. गावाच्या वर गाग्यू डोंगरावर ४३० मीटर उंचीला मात्सुयामा किल्ला आहे. जपानमध्ये किल्ल्याच्या मुख्य बुरूजवजा इमारतीला तेन्शू म्हणतात. मूळच्या, म्हणजे नंतर काँक्रीटमध्ये न बांधलेल्या, अशा तेन्शू देशभरात १२ च उरल्यात. त्यातली सर्वांत उंचावरची ही. दोन मजल्यांची, छोटीशी, पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याएवढी.

ती वाचली कशी, ते मला तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी सांगितलं. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, सरकारने किल्ले मोडीत काढले तेव्हा हाही कवडीमोलाने विकला गेला. खालच्या इमारती पाडल्या, पण एवढ्या वर चढून लाकूडफाटा खाली आणायचा उपद्व्याप कोण करणार? म्हणून माथ्यावरची इमारत तशीच सोडून दिली. पुढे ती इतकी ढासळली की १९४० च्या सुमारास गावानेच दुरुस्ती काढली, आणि छपराची कौलं शाळेतल्या मुलांनी पाठीवरून वर नेली. आजोबा हे सांगताना मध्येच थांबायचे, मला कळलं का ते बघायचे, नाही कळलं की काठीने मातीत चित्र काढायचे. कौलाचं चित्र काढलं, मुलाचं काढलं, मुलाच्या पाठीवर पाच-सहा कौलं काढली. 'कर्मणी प्रयोग' वर्गात कितीदा घोटला होता, पण 'विकला गेला, सोडून दिला गेला, वाहून नेली गेली' हे त्या डोंगरावर एका दमात कानावर पडलं आणि डोक्यात बसलं ते बसलंच.

आणि हो, किल्ल्यावर मांजर आहे. २०१८ च्या जुलैत या भागात मोठे पूर आले, पर्यटक येईनासे झाले, त्याच सुमारास घरातून पळालेला एक बोका गडावर येऊन राहिला. सान्जूरो त्याचं नाव. गडकऱ्यांनी त्याला थेट 'किल्ल्याचा मांजर-सरदार' करून टाकलं आणि लोक त्याला बघायला यायला लागले. मी गेले तेव्हा सरदार उन्हात आडवे पसरले होते आणि समोर सहाजण गुडघ्यावर बसून फोटो काढत होते.

गडवाट_चुकलेला

४३० मीटर आणि 'सर्वांत उंच'? सिंहगडाचा माथाच १३०० मीटरच्या आसपास आहे हो. हलकेच घ्या.

पण कौलांची गोष्ट भारी. आपल्याकडेही लोक वाळू-पाण्याचे कॅन पाठीवर मारून गडांवर नेतात, टाक्या साफ करतात. आणि तुमच्याकडे १२ तेन्शू, तर आपले १२ किल्ले २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. प्रश्न असा की तिथे किल्ल्यावर नुसती इमारत बघायची असते की तटबंदी, पाण्याची सोय, चोरवाट वगैरे बघायला मिळतं? आम्हाला टाकी दिसल्याशिवाय गड पाहिल्यासारखं वाटत नाही.

मुळाकाठ

@गडवाट_चुकलेला, मात्सुयामाला तटबंदी बघाच. ओतेमोनजवळ, म्हणजे महादरवाज्याजवळ, मूळच्या कातळावर भिंत चढवलीय. कातळ कुठे संपतो आणि रचलेले दगड कुठे सुरू होतात ते हाताने चाचपून बघावं लागतं. वर एक जुनी पाण्याची टाकीसुद्धा आहे, जंगलात थोडं आत चालावं लागतं. हिमेजीही सोडू नका. १६०९ चा, मूळचा, पांढराशुभ्र. गर्दी फार, पण दरवाज्यांचा चकवा बघून तुमचं समाधान होईल.

क्योतोकर

लेख आवडला, पण क्योतोबद्दल साफ असहमत. मी इथे तीन वर्षं काढली, भाषाशाळेपासून सुरुवात करून. सकाळी सातच्या आत बाहेर पडा, किंवा दोन गल्ल्या आत शिरा, कुणी इंग्रजी बोलत नाही. निशिजिनच्या भागात विणकर आहेत, आंघोळीची सार्वजनिक सेन्तो आहेत. सेन्तोमध्ये गेलात तर आज्या तुम्हाला पाठ कशी घासायची इथपासून शिकवतात. किंकाकुजीला जाऊन 'बोलायला मिळालं नाही' म्हणणं म्हणजे तुळशीबागेत ऐन दिवाळीत जाऊन पुण्यात शांतता नाही म्हणण्यासारखं आहे.

आणि नाराला जाच. तोदाइजीतल्या महाबुद्धाचे डोळे उघडायचा विधी ७५२ मध्ये झाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. तिथल्या गाइडला मी भारतीय आहे म्हटल्यावर त्यांनी बोधिसेनवर अर्धा तास घेतला. तेही बारीकसारीक आदरार्थी जपानीत, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं.

मुळाकाठ

@क्योतोकर, सेन्तोचा मुद्दा मान्य, वरचं वाक्य थोडं सैल करते. पण तुम्ही क्योतोत राहत होतात. एका दिवसासाठी येणाऱ्याला निशिजिनची गल्ली कोण दाखवणार? राहतं गाव कुठलंही असो, त्याच्या आजूबाजूचं बघा, असं म्हणते फार तर.

सुकटप्रेमी

खाण्याबद्दल कुणी काही बोलेना! मासे खाणाऱ्यांची चंगळ असेल ना?

मुळाकाठ

@सुकटप्रेमी, तुमच्यासाठी खास: ओकायामाहून मारीन लाइनर पकडायची, सेतो-ओहाशी पुलावरून समुद्र ओलांडायचा आणि तासाभरात ताकामात्सुला उतरायचं. पूल १९८८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. वर मोटारी, खाली रेल्वे, आणि मध्ये मध्ये बेटांवर पाय टेकत गेलाय. ताकामात्सुची सानुकी उदोन (गव्हाच्या जाड शेवया) प्रसिद्ध. तिचा रस्सा इरिकोचा, म्हणजे छोटे सुकवलेले मासे उकळून केलेला. वास येतो तो थेट रत्नागिरीच्या बाजारातल्या गल्लीचा. दुकानात स्वतः ट्रे घ्यायचा, शेवया गरम पाण्यात बुडवून घ्यायच्या, वरून हिरवी पात. सकाळी न्याहारीलाच लोक उभ्या उभ्या ओरपतात, आणि ओरपताना आवाज झाला पाहिजे.

तिथून पुढे कोतोहिराचं कोम्पिरा देवस्थान. मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या, आतल्या मंदिरापर्यंत १३६८. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं, काठ्या भाड्याने मिळतात. निम्म्या वाटेवर एक आजी मला म्हणाल्या, "बोक्केए त्सुराई नाऽ", लई जड जातंय गं. 'बोक्केए' ही ओकायामाची बोली, त्याही आमच्याच बाजूच्या निघाल्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या आम्ही बरोबर चढलो.

सुकटप्रेमी

तोंडाला पाणी सुटलं. आमच्याकडे मुंबईचा पाहुणा शुद्ध मराठीत बोलायला लागला की म्हातारी आधी त्याला मालवणीत चार प्रश्न विचारून चाचपते. तसंच दिसतंय.

आजोळची_वही

माझी भाची पुढच्या वर्षी जायचं म्हणतेय. घरात सगळे शाकाहारी. रस्सासुद्धा माशाचा म्हटल्यावर तिची आई हे वाचून झोपणार नाही. करायचं काय?

मुळाकाठ

@आजोळची_वही, रोजचं घरी शिजवायचं, दुसरा इलाज नाही. भाजीपाला, तोफू, तांदूळ उत्तम मिळतात, डाळी ऑनलाइन. बाहेर 'भाजीचं' म्हणून दिलेल्या पदार्थातही दाशी, म्हणजे बहुधा सुक्या माशाचं पाणी, असतं. त्यांच्या हिशेबी ते मासे नाहीतच, तेव्हा 'दाशीसुद्धा नको' असं वेगळं सांगायला तिला आधीच शिकवा.

एकच ठिकाण असं की तिथे बिनघोर जेवता येतं: कोयासान. वाकायामा प्रांतातला डोंगर, कूकाई या भिक्षूने ८१६ मध्ये तिथे मठ वसवला. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई गाडीने शेवटच्या स्टेशनपर्यंत आणि पुढे तीव्र चढावर केबल कार. तिथल्या मठांमधून राहायची सोय असते, शुकुबो म्हणतात. मठातलं जेवण शोजिन र्‍योरी: मासे-मांस नाहीच, कांदा-लसूणही नाही. लाल-काळ्या लाखेच्या वाट्या, तिळाचं गोमा-दोफू, सुकवलेलं कोया-दोफू, भाज्यांचे तळण. सकाळी सहाच्या आसपास प्रार्थना, त्याला उठून बसायचं.

मला तिथे सर्वांत धरून ठेवलं ते ओकुनोइनने. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी, म्हणजे जपानी देवदार, आणि त्यांच्या पायाशी दोन लाखांहून जास्त समाध्या. सरदारांच्या, भिक्षूंच्या, आणि कंपन्यांच्यासुद्धा. एक रॉकेटच्या आकाराची आहे, एक कॉफीच्या कपाची, आणि वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने मेलेल्या वाळवीसाठी एक उभी केलीय. जुन्या समाध्या बहुतेक पाच दगडांच्या एकावर एक रचलेल्या: खाली चौकोन, वर गोल, त्यावर छप्पर, अर्धगोल आणि टोकाला थेंब. प्रत्येक दगडावर एक अक्षर. शेवाळ बाजूला करून बघितलं तर वरून खाली ख, ह, र, व, अ. सिद्धम् लिपी, आपल्या वळणापेक्षा वेगळी, पण 'र' आणि 'व' तर मला विचारपूस न करता वाचता आले. शेजारून चाललेल्या जपानी आजोबांना मी एकेक वाचून दाखवलं. ते म्हणाले, आम्ही आयुष्यभर इथे येतोय, आम्हाला यातलं एकही वाचता येत नाही.

नागपुरी_संत्रं

कोयासानचं नाव काढलं म्हणून लिहितो. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. पाहिला का?

आणि तुमच्या ओकायामाचं आमच्या नागपूरशी नातं आहे. दीक्षाभूमीचे भदन्त सुरेई ससाई मूळचे ओकायामा प्रांतातले. साठच्या दशकात भारतात आले ते इथलेच झाले, नागरिकत्वही घेतलं. आमच्या लहानपणी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांचं हिंदी ऐकायला मजा यायची. क्रियापदं वाट्टेल तशी, पण लाख-लाख माणूस शांत बसून ऐकायचं. भाषा शिकणाऱ्यांनी ते ऐकावंच. व्याकरण चुकलं म्हणून कुणाचं काही अडत नाही.

मुळाकाठ

@नागपुरी_संत्रं, पुतळा पाहिला. हार-फुलं काही नव्हती, पायाशी कुणीतरी दोन संत्री ठेवली होती. तुमच्या नावाला जागून सांगते, ती मी ठेवलेली नाहीत.

ससाईजी ओकायामाचे हे मला इथे येऊनही कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतल्या सेन्सेईंना, म्हणजे बाईंना, विचारते.

क्योतोकर

हिरोशिमा राहिलं की. ओकायामाहून शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेनने) पाऊण तासाच्या आत.

मुळाकाठ

@क्योतोकर, मुद्दाम मागे ठेवलं होतं. शाळेने बसने नेलं होतं. संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे, आतलं अन्न कोळसा झालेलं. त्याच्यासमोर आमचा वर्ग उभा होता: व्हिएतनामचे, नेपाळचे, चीनचे, म्यानमारचे, कोरियाची एक मुलगी आणि मी. चिनी मुलं कांजी ओळखीची असल्यामुळे फलक भराभर वाचून पुढे गेली, आम्ही बाकीचे शब्दकोश उघडून मागे.

बाहेर आल्यावर कोरियन मुलगी आम्हाला एका स्मारकाकडे घेऊन गेली. दगडी कासवाच्या पाठीवर उभा स्तंभ. बाँबमध्ये मेलेल्या कोरियन लोकांचं. १९७० मध्ये उभारलं तेव्हा ते शांती उद्यानाच्या बाहेर होतं, १९९९ मध्ये आत आणलं. तिने एवढंच सांगितलं आणि फुलं ठेवली. चिनी मुलांपैकी एकजण दिवसभर कमी बोलत होता. बसमध्ये म्हणाला, माझे आजोबा नानकिंगचे. (१९३७ मध्ये जपानी सैन्याने कत्तल केली ते चिनी शहर.)

परत आल्यावर सगळ्यांना 'काय वाटलं' असा निबंध लिहायचा होता. आमच्या सेन्सेई वयाने मोठ्या आहेत, वर्गात एरवी शिस्तीच्या. आठवड्याने निबंध परत आले. त्या मुलाने काय लिहिलं होतं ते त्याने आम्हाला दाखवलं. विभक्तीच्या चुका लाल शाईने सुधारल्या होत्या, दोन कांजी दुरुस्त केल्या होत्या, मताला कुठे हात लावला नव्हता. खाली एक ओळ: हे लिहिल्याबद्दल आभार. एरवी त्या 'छान प्रयत्न' असा शिक्का मारतात. यावर शिक्का नव्हता.

तिखटमीठ

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून लिही अगं. इथे उदोनच्या खाली दबून जाईल.

आजोळची_वही

+१. भाचीला वाचायला देते. एक हिशेबाचा प्रश्न: एवढ्या प्रवासाला पैसे कुठून आणायचे? विद्यार्थ्यांना सवलत असते ना?

मुळाकाठ

@आजोळची_वही, जेआरची विद्यार्थी सवलत आहे, १०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला मूळ भाड्यात २० टक्के. पण ती जेआरने मान्य केलेल्या शाळांनाच लागू होते आणि बऱ्याच भाषाशाळा त्या यादीत नसतात. प्रवेश घेताना विचारून ठेवा, नंतर कुणी आपणहून सांगत नाही.

खरा आधार सेइशुन १८ तिकिटाचा. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. शाळांच्या सुट्ट्यांच्या काळात निघतं, जेआरच्या साध्या गाड्यांत दिवसभर हवं तेवढं फिरा, शिन्कान्सेन नाही. आधी पाच दिवस वाटेल तेव्हा वापरता यायचे आणि एकाच तिकिटावर मित्रमैत्रिणींनाही नेता यायचं. २०२४ च्या हिवाळ्यापासून नियम बदलले: पाच दिवसांचं १२,०५० येन, तीन दिवसांचं १०,०००, दिवस सलग आणि माणूस एकच. विद्यार्थी चिडलेत, मीही. तरी स्वस्तच. ओकायामाहून साध्या गाडीने हिमेजीला जाताना आइओइला गाडी बदलावी लागते आणि तिथे जागा पकडायला या तिकिटावरची सगळी जनता धावते. शांत जपानी माणूस धावताना बघायचा असेल तर आइओइचा फलाट गाठावा.

गडवाट_चुकलेला

कल्याणला बदली करणाऱ्याला हे काय नवीन!

बरं, मात्सुयामाला ढगांचा समुद्र दिसतो असं वाचलंय. तो कधी? आणि पुढची मोहीम कुठली?

मुळाकाठ

ढगांसाठी सप्टेंबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, पहाटे, आदल्या दिवशी आणि रात्री तापमानात चांगला फरक पडला असेल तर. समोरच्या डोंगरावर बघायची जागा केलीय, पण त्या वेळी बस नसते. गाडीवाला मित्र शोधा किंवा दोघातिघांत टॅक्सी करा. मी अजून मित्राच्या शोधात आहे.

पुढची मोहीम डिसेंबरनंतरच. पहिल्या रविवारी जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा आहे, तिच्या एन३ पातळीला बसतेय. ती झाली की हिवाळी सेइशुनवर मात्सुए: तिथलाही तेन्शू मूळचाच, आणि जाताना ताकाहाशी वाटेतच लागतं. तोवर भाज्या आणि कांजी. कुणी मात्सुएला राहिलं असेल तर स्वस्त मुक्कामाची जागा सांगा, शक्यतो बोलक्या आजी असलेली.